बळ जन्माचे की कष्टाचे?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर चपला घालीत होतो. वस्तीतला एक विशीचा तरुण जवळ आला आणि म्हणाला, "काका, एक विचारू? मी आणि माझ्या मित्राने एकाच दिवशी जिममध्ये नाव घातले. सात महिने झाले. वजने तीच, दिवस तेच. त्याचे दंड शर्टात मावत नाहीत, माझे होते तसेच. घरी म्हणतात, आपल्या हाडापेरातच ते नाही. जिममध्ये शिकवणारा म्हणतो, तू मन लावून करीत नाहीस. खरे काय?"

मी वयाने मोठा, चार सभांतून बोलणारा माणूस. लगेच उत्तर दिले, "मेहनत वाढव. जन्मावर काही नसते." तो म्हणाला, "काका, मी पहाटे तीनला मार्केट यार्डात पोती उतरवायला जातो." आणि जयभीम करून निघून गेला. माझे उत्तर चुकले होते. ते कोठे चुकले, हे तुमच्यापुढे मांडण्यासाठी हा लेख.

'जन्म' हा शब्द ऐकला की आपण सावध होतो, आणि ते योग्यच आहे. जन्माने श्रेष्ठ व जन्माने नीच या एका कल्पनेच्या जात्यात आपल्या कित्येक पिढ्या भरडल्या गेल्या. म्हणून कोणी म्हणाले की अमुक गुण उपजत असतो, तर आपल्याला त्यात मनूचा वास येतो. परंतु वाचकहो, एखादी गोष्ट आपल्याला रुचत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. आधी शास्त्र काय सांगते ते पाहू.

अनेक विद्यापीठांनी मिळून केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ५८५ स्त्री-पुरुषांना बारा आठवडे एकाच हाताचा, एकाच पद्धतीचा वजनांचा व्यायाम देण्यात आला. शेवटी मोजमाप घेतले तेव्हा कोणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्क्यांनी वाढला होता, तर कोणाचा मुळीच वाढला नव्हता, उलट दोन टक्के घटला होता. ताकदीचेही तसेच. कोणाची जागची हलली नाही, कोणाची अडीचशे टक्क्यांनी वाढली. व्यायाम सर्वांना सारखा, फळ मात्र निरनिराळे. (आपल्या मुलींच्या मातापित्यांसाठी जाता जाता सांगतो. या प्रयोगात मुळच्या ताकदीच्या मानाने सरासरी वाढ स्त्रियांची अधिक होती.)

हा फरक सगळा जनुकांचाच असे नाही. खुराक, झोप, आधीची सवय यांचाही त्यात वाटा असतो. परंतु जनुकांचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. स्नायूंतील तंतूंची संख्या बहुतांशी लहानपणीच ठरून जाते. व्यायामाने ते तंतू जाड होतात, पण किती जाड व्हायचे यात माणसामाणसांत अंतर असते. आणि हे एखाद्या जनुकाचे काम नव्हे. शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात त्याला लागलेला असतो. तेव्हा 'जन्मावर काही नसते' हे माझे वाक्य शास्त्रापुढे टिकत नाही.

मग घरचे म्हणत होते तेच खरे का? 'आपल्या हाडापेरात नाही' हे? नाही. येथे 'आपल्या' या शब्दात सगळी गफलत आहे.

ज्वारीचे मूठभर मिसळीचे बी घ्या. अर्धे काळ्या कसदार रानात पेरा, अर्धे मुरमाड माळावर. काळ्या रानातली ताटे एकमेकांहून लहानमोठी निघतील, तो फरक बियाणाचा. माळावरच्या ताटांतही तसाच फरक दिसेल, तोही बियाणाचा. पण काळे रान उंच आणि माळ खुरटा, हा फरक बियाणाचा मुळीच नाही, तो जमिनीचा आहे. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली बियांचाच दाखला देऊन हा मुद्दा मांडला होता. माणूस आणि माणूस यांतील फरक काही अंशी उपजत असतो, एवढ्यावरून जमात आणि जमात यांतील फरकही उपजत असतो, असे मुळीच निघत नाही. तो तरुण आणि त्याचा मित्र एकाच वस्तीतले, एकाच समाजाचे आहेत. त्यांच्या दंडांतला फरक 'आपला' कसा झाला?

हीच गफलत एकदा सरकारी धोरण होऊन बसली होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. कारण काय, तर काही जाती जन्मतःच लढवय्या असतात आणि काही नसतात, असा सिद्धांत त्यांच्या सेनाधिकाऱ्यांत रूढ झाला होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. या सव्वाशे वर्षांत आपल्या जनुकांनी किती वेळा कोलांट्या मारल्या असतील? जनुके होती तेथेच होती. दरवाजा उघडला आणि मिटला, एवढेच घडले.

येथे एक कडू गोष्ट बोलतो. आपलीच काही मुले आज छाती काढून म्हणतात, "आमचे रक्तच लढवय्यांचे." अभिमान मी समजू शकतो. पण इंग्रज अधिकाऱ्याचेच नाणे आपण उलटे करून खिशात घातले, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. कोरेगावचे शिपाई कवायतीने आणि शिस्तीने लढले. रक्ताने ते सर्व आपोआप होत असते, तर कवायत कशाला हवी होती?

बाबासाहेबांनी आनुवंशिकता कधी नाकारली नाही, हे लक्षात घ्या. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत खोडून काढताना त्यांनी आनुवंशिकतेचाच आधार घेतला आहे. मूल आपले गुण आईबापांकडून घेते असे शास्त्र म्हणते. मग ते स्वतःच्याच मागच्या जन्माची शिदोरी घेऊन येते, हे कसे जुळायचे? म्हणजे त्या तरुणाचे दंड बारीक आहेत यात कोणत्याही जन्मीचे पाप नाही.

आणि १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तर त्यांनी आपल्या प्रश्नाचीच फोड केली आहे. माणसाचे सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असते असे ते सांगतात. पहिली, शरीराची आनुवंशिकता. दुसरी, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण वगैरे. तिसरी, स्वतःचे प्रयत्न. या तिन्हींत माणसे असमान असतात हे ते मान्य करतात. प्रयत्नांच्या बाबतीत वेगळी वागणूक द्यावी असे एक वेळ म्हणता येईल, पण पहिल्या दोन गोष्टींत जो मागे आहे त्याला त्यावरून कमी लेखणे न्यायाचे कसे, असा त्यांचा सवाल आहे.

आता माझ्या उत्तराकडे पाहा. मी पहिल्या दोन गोष्टी पुसून टाकल्या आणि सगळा भार तिसरीवर टाकला. जिमच्या भिंतीवर तसेच लिहिलेले असते की घाम गाळा, सर्व काही मिळेल. ऐकायला हे जन्मवादाच्या विरुद्ध वाटते. पण त्याचा अर्थ शेवटी असा होतो की ज्याला मिळाले नाही तो आळशी. तीनला उठून पोती वाहणाऱ्या, चार तास झोपणाऱ्या, चहा-पावावर दुपार काढणाऱ्या पोराला मी आळशी ठरवले. पूर्वी म्हणत, तुझा जन्मच वाईट. मी म्हणालो, तुझी दानतच वाईट. याच दुखण्यावर पुष्कळ पोरे चोरून इंजेक्शने घेतात आणि हृदय व यकृत बिघडवून बसतात.

कोणी चिकित्सक वाचक पुढे विचारील, "प्रयत्न करण्याची वृत्ती तरी कोणाच्या हाती आहे? तीही थोडी उपजतच असणार." असेल. जुळ्यांच्या अभ्यासांत नियमित व्यायाम करण्याची ओढही काही अंशी आनुवंशिक दिसली आहे. परंतु यामुळे आपण बौद्धांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. सर्व कारणांपासून अलिप्त बसलेला आत्मा प्रयत्न करतो, असे आपण मानतच नाही. प्रयत्नही कारणांतून उपजतो आणि स्वतः पुढच्या गोष्टींचे कारण होतो. मित्राची हाक, आईने ठेवलेली उसळ, शिकवणाऱ्याचा एक बरा शब्द, ही प्रयत्नाची कारणे आहेत, आणि ती आपल्याला पुरवता येतात.

अष्टांग मार्गात आपण 'सम्यक व्यायाम' म्हणतो. तो मनाचा आहे, दंडबैठकांचा नव्हे. पण त्यातले 'सम्यक' कसे ओळखावे यासाठी सोण थेरांची गोष्ट शरीराचीच आहे. सोण श्रीमंत घरचा, तळपाय जन्माचे कोवळे. भिक्षू झाल्यावर त्याने इतके चंक्रमण केले की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी मनासारखे फळ दिसेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला आळशी म्हटले नाही आणि हे तुझ्या नशिबी नाही असेही म्हटले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून वीणेचेच विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोण उत्तर देत गेला आणि त्याचे त्यालाच कळले. शेजारच्याची वीणा कशी वाजते, हा प्रश्न त्या संवादात नाही.

दिवाळीच्या सुमारास तो तरुण पुन्हा भेटला. मी त्याची माफी मागितली आणि वर लिहिले ते थोडक्यात सांगितले. झोप वाढवता येईल का ते पाहा, रोज चार उकडलेली अंडी किंवा वाटीभर चणे आणि मूठभर शेंगदाणे खा, असेही म्हणालो. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा माणसांना आठ आठवडे वजने उचलायला लावली, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, हेही सांगितले. त्याने खिशातून घडी पडलेली एक वही काढली. पहिल्या दिवशी खांद्यावर पंधरा किलो घेऊन बैठका मारल्याची नोंद होती आणि शेवटच्या पानावर साठ होते.

"हे मी कोणाला दाखवले नव्हते," तो म्हणाला. "दंड दिसत नाहीत ना, काका."

मी वही दोनदा वाचली. मग त्याच्याबरोबर अंडी घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो.