अपरिग्रह आणि पर्यावरणपूरक पादत्राणे

ज्या वस्तूसाठी प्राणी मारला गेला नाही, नदी नासली नाही आणि कारागीर नाडला गेला नाही, ती विकत घेणे हे धर्माचरण ठरते काय, हा प्रश्न पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या देखण्या कपड्यांमुळे आणि पादत्राणांमुळे आज नव्याने उभा राहिला असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला विचार जैन आचारशास्त्राने फार पूर्वीच केलेला आहे. त्या शास्त्रानुसार स्वतः केलेली हिंसा ती कृत, दुसऱ्याकडून करविलेली ती कारित आणि दुसऱ्याने केलेल्या हिंसेला संमती दिली तर ती अनुमोदित होय. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तेथील कारखान्यांत शिवले जाणारे कपडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील दुकानांत जाणार होते. त्या कपड्यांच्या स्वस्ताईवर खूश असलेला ग्राहक कृत हिंसेतून सुटला, तरी अनुमोदनातून सुटला असे म्हणता येत नाही.

मग निर्दोष वस्तू निवडावी, असे उत्तर सुचते. परंतु निर्दोष कोणती, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. प्राणिजन्य नसलेले म्हणून विकले जाणारे कृत्रिम चामडे बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकचा, थर देऊन तयार होते आणि तो थर एकदा सोलवटू लागला की दुरुस्त होत नाही. उलट २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावले जाते, तिची शिवण चामड्याच्याच वादीने होते आणि ती दुरुस्त करून पुन्हा वापरता येते. मात्र ते कातडे अखेर जनावराचेच असते.

या पेचावर गांधीविचाराने जे उत्तर काढले, ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचे कातडे वापरण्याचे होते आणि वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी ते प्रत्यक्षात आणले. प्राण्याच्या बाजूने पाहता हे उत्तर निर्मळ आहे. पण मेलेले जनावर ओढून नेणे, ते सोलणे आणि त्याबद्दल अस्पृश्य ठरणे हे ज्यांच्या माथी जन्माने मारले गेले होते, त्यांच्या बाजूने पाहता ते तसे राहत नाही. डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्याचा जो आग्रह धरला, त्याचे नैतिक बळ यातच आहे, कारण पशूविषयीची अहिंसा माणसाच्या अप्रतिष्ठेवर उभी राहू शकत नाही. पर्यावरणपूरक वस्तूंच्या जाहिरातींत कच्च्या मालाविषयी पुष्कळ सांगितले जाते, पण तो माल हाताळणाऱ्याची मजुरी आणि समाजातील त्याचे स्थान यांविषयी क्वचितच काही असते. ही उणीव किरकोळ मानणे योग्य नाही.

शिवाय वस्तू सर्वतोपरी निर्दोष असली, तरी परिग्रहाचा, म्हणजे संचयाचा आणि त्यामागच्या आसक्तीचा, प्रश्न उरतोच. श्वेतांबर जैन गृहस्थांत चौदा नियमांची प्रथा आहे, ज्यात त्या दिवशी कोणकोणत्या गोष्टींचा किती वापर करावयाचा याची मर्यादा गृहस्थ सकाळीच स्वतःला घालून घेतो. त्या चौदांत वस्त्रे आहेत आणि पादत्राणेही आहेत. येथे वस्तू कशाची बनली आहे यापेक्षा ती किती हवी, याला महत्त्व आहे. बाजाराला नेमकी हीच मर्यादा मानवत नाही, म्हणून तो निर्दोषतेचे आश्वासन देऊन खरेदीविषयीचा संकोच घालवितो आणि ग्राहक पूर्वीपेक्षा अधिक घेऊनही निर्धास्त राहतो.

तेव्हा जुनी चप्पल खरोखर झिजल्यावर, कारागिराला पुरा मोबदला देऊन आणि दुरुस्त होईल अशी पाहून घेतलेली नवी जोडी धर्माला धरून आहे. धडधाकट चपला घरात असताना केवळ पर्यावरणपूरक म्हणून घेतलेली दुसरी जोडी मात्र परिग्रहच होय.