आधी पलीकडे जाणारे

गोदाकाठच्या माणसाला नाव माहीत असते ती गरजेची. आमच्या सोनपेठ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पावसाळ्यात पाणी चढलं की पलीकडचं रान, पलीकडचा बाजार, पलीकडे दिलेली लेक, सगळं भोयाच्या भरवशावर असायचं. पुढे पूल झाले, बंधारे झाले, नावा कमी होत गेल्या. तरी हौसेखातर नावेत बसायचं ही कल्पना आमच्याकडे अजून रुळलेली नाही. त्यामुळे मुंबईत स्थिरावलेला, तिथेच शिडाची होडी चालवायला शिकलेला माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, लाँचने कशाला, आपल्याच होडीने मांडव्याला जाऊ," तेव्हा कुतूहल होतं तेवढाच संकोचही होता. जिथे हजारो माणसं कामासाठी ये-जा करतात, तिथे आपण मजेसाठी शिरायचं?

गेटवेच्या पायऱ्यांशी हा संकोच वाढला. तिथे लाँचेसची इतकी दाटी असते की एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी उभी करतात आणि प्रवासी एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकत आपल्या लाँचपर्यंत पोचतात. खलाशी म्हाताऱ्या माणसांना दंडाला धरून उतरवतात. घारापुरीला जाणारे सहलीचे लोक वेगळे ओळखू येतात, तसेच मांडव्याहून आलेले, दवाखान्याच्या फायली सांभाळत घाईने टॅक्सी शोधणारेही. आमची होडी मात्र पायऱ्यांपासून दूर, बोयाला बांधलेली होती. छोट्या डिंगीने तिच्यापर्यंत गेलो, शीड उभारलं, आणि वायव्येचा वारा धरून निघालो.

भाचा बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू झाले. सतत नजर ठेवणं हे त्यांतलं फार मोठं कर्तव्य आहे आणि ते लहानमोठ्या प्रत्येक नावेला बंधनकारक आहे. समोरासमोर आलेल्या दोन इंजिनाच्या बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते तिने वाट द्यायची. मला सगळ्यांत विचार करायला लावला तो शिडाचा नियम. मोकळ्या पाण्यात इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी असं नियम सांगतो. म्हणजे आमच्या एवढ्याशा होडीला मान होता. पण अरुंद खोल मार्गात तो मान संपतो. तिथे वीस मीटरहून लहान नौकेने आणि कोणत्याही शिडाच्या नौकेने, फक्त त्या मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडथळा आणायचा नाही.

मुंबई बंदरात ही गोष्ट कागदावरची राहत नाही. गेटवेहून मांडव्याला जाताना जहाजांचा खोल मार्ग ओलांडावाच लागतो. न्हावाशेव्याकडे निघालेलं कंटेनरचं जहाज दुरून जवळजवळ स्थिर वाटतं. पण त्याला थांबायला मैलभर पाणी लागू शकतं आणि मार्ग सोडून वळायला खाली खोली नसते. भाच्याने ते दिसताच शीड सैल सोडलं, वेग कमी केला, ते पूर्ण पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या मागून, काटकोनात, आम्ही मार्ग पार केला. वारा पडला तर असावं म्हणून इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं. ज्याला थांबता येतं त्याने थांबायचं, हा विचार मला त्या नियमांच्या मुळाशी दिसला. तो मनाला पटलाही.

या पाण्याने निष्काळजीपणाची आणि वादळाची, दोन्हींची किंमत पाहिली आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात आषाढी अमावास्येला घरी निघालेले कोकणातले चाकरमानी होते. अगदी अलीकडे, 18 डिसेंबर 2024 ला, इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून अधिक जीव गेले. त्या लाँचमध्ये बसलेल्यांच्या हातात सुकाणू नव्हतं. आजूबाजूच्या प्रत्येक नावेच्या माणसावर त्यांचा जीव अवलंबून होता, हौसेने फिरणाऱ्यावरसुद्धा.

मांडव्याला आम्ही लगेच आत गेलो नाही. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली रो-रो बोट रॅम्प उतरवून उभी होती. तिच्यातून गाड्या बाहेर पडत होत्या, दुसऱ्या आत जायला खोळंबल्या होत्या. रस्त्याने पडणारा लांबचा वळसा वाचवून ही बोट तासाभरात पोचवते. शेजारच्या धक्क्यावर कॅटामरान लागत होती. तिच्या तिकिटातच अलिबागची बस धरलेली असते, म्हणून उतरणाऱ्यांची पावलं बसकडे धावतात. आपण धक्क्याच्या तोंडाशी रेंगाळलो तर कुणाची तरी बस चुकणार, कुणाची तरी डॉक्टरांची वेळ टळणार. भाच्याने लाटरोधक बांधाच्या बाहेर होडी धरून ठेवली. तीन आखूड भोंगे झाले. इंजिन मागे चालतंय अशी ती खूण. कॅटामरान मागे सरकली, वळली, तिच्या लाटांनी आम्हाला चांगलंच हलवलं आणि ती मुंबईकडे गेली. पाणी मोकळं झाल्यावरच आम्ही आत शिरलो, मी उतरलो आणि भाच्याने होडी लगेच धक्क्यापासून दूर नेऊन नांगर टाकला. ते थांबणं मला त्या प्रवासाचा सगळ्यांत चांगला भाग वाटला. त्या वेळात मला धक्का नीट बघता आला.

म्हणूनच गेटवेजवळ, रेडिओ क्लबच्या बाजूला होणाऱ्या नव्या प्रवासी धक्क्याचा वाद मी आस्थेने वाचला. रहिवाशांचा विरोध होता, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने काम चालू ठेवायला मुभा दिली, पण अटी घातल्या. पायऱ्यापायऱ्यांची बैठक करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी वापरायची नाही, तिथे फक्त वाट बघणाऱ्या प्रवाशांनी बसायचं. उपाहारगृहाच्या जागी प्रवाशांना पाणी आणि बंद पाकिटातलं खाणं मिळावं, जेवणावळी नकोत. कुलाब्याच्या रहिवाशांची गर्दीबद्दलची काळजी मला खोटी वाटत नाही. पण धक्का कुणासाठी याचं या अटींतलं उत्तर मला मनापासून पटलं. हौसेच्या नौकांना जागा असावी, भाच्यासारखी मुलं समुद्र शिकावीत, एवढ्या लांब किनाऱ्याच्या राज्यात ते व्हायलाच हवं. फक्त ती जागा प्रवाशांच्या पायऱ्या खाऊन मिळू नये.

आमच्याकडेही आता बंधाऱ्यांच्या अडवलेल्या पाण्यावर नौकाविहाराची भाषा ऐकू येते. पण 2025 च्या सप्टेंबरात आमच्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि कित्येक ठिकाणी घरांत अडकलेल्या लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. गोदेच्या घाटावर रंगीत होड्या येणार असतील तर जरूर याव्यात. त्यांच्याआधी प्रत्येक पूरग्रस्त गावाच्या वाट्याला एक धड नाव, पुरेशी जॅकेटं आणि पाणी ओळखणारा, पगारावर ठेवलेला भोई यावा, एवढी मागणी मी ग्रामसभेत मांडणार आहे.