अन्नपचन आणि रसनेचा जय

श्रीमद्भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवान श्रीकृष्णांनी, प्राणिमात्राच्या देहात वैश्वानररूपाने राहून चतुर्विध अन्न पचविले जाते, असे निरूपण केले आहे. भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य हे ते चार प्रकार. या श्लोकाचा पाठ पुष्कळ होतो. परंतु पचनाचे कर्तृत्व जिवाकडे नाही, हा त्यातील बोध क्वचितच मनावर घेतला जातो. शरीरशास्त्राने पाहिले असता तोच बोध अधिक दृढ होतो.

घास मुखात घातला म्हणजे दात त्याचे चूर्ण करतात आणि लाळेतील पाचकद्रव्य पिष्टाचे विघटन आरंभिते. घास गिळला की जिवाची सत्ता संपली. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून तो जठरात उतरतो, आम्लरसात घुसळला जातो आणि तेथे प्रथिनांचे पचन सुरू होते. पुढे लहान आतड्यात त्यावर यकृताचे पित्त व स्वादुपिंडाचा रस येऊन पडतो. पिष्टाचे ग्लुकोज होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, स्निग्धांशाची मेदाम्ले होतात. आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म अंकुर हे सत्त्व शोषून घेतात. ग्लुकोज व अमिनो आम्ले रक्तावाटे प्रथम यकृतात जातात. स्निग्धांश बहुतांशी लसिकावाहिन्यांच्या वाटेने रक्तास मिळतो. मोठे आतडे उरलेले पाणी ओढून घेते. मनुष्य निद्रेत असला तरी हे कार्य थांबत नाही.

आता, ज्या रुचीसाठी जीव तळमळतो ती कोठे राहिली? ती जिभेवरच संपली. ज्वारीच्या भाकरीतील पिष्ट असो वा पुरणपोळीतील असो, शेवटी त्याचे ग्लुकोजच होते. क्षणभराच्या स्वादासाठी मात्र साधक दिवसभर चिंतन करतो, आणि तेवढे स्मरण अंतरते. हानी होते ती येथे.

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत देह प्रपंचात मोडतो. त्याला अन्न द्यावे, पण त्याच्या आवडीला जिवाची आवड समजू नये. म्हणूनच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास भिक्षान्नाचा आचार सांगितला. चार घरचे कालवण, भाकरी, भात झोळीत एक होतात. जे पोटात व्हावयाचे ते झोळीतच झाले. मग निवड कशाची आणि रुसवा कोणावर?

यावर कोणी म्हणेल, तर मग देह झिजविणे हाच धर्म काय? तसे नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग नाही, असे सांगितले आहे. दात गेलेल्या वृद्ध तपस्विनीने मऊ भात मागितला तर ती रसनेची ओढ नव्हे, देहाची गरज आहे. निरोगी भिक्षूने तोच भात साजूक तुपावाचून नाकारला तर ती ओढ आहे. वाढणाऱ्या वासनिकाने हा भेद ओळखावा. आग्रहाने पक्वान्ने वाढून साधकाचा आचार शिथिल करू नये, आणि आजाऱ्याच्या पथ्यास लाड म्हणू नये.

भोजनसमयी मनाची स्थितीही उपेक्षणीय नाही. १८२२ साली अमेरिकेत बंदुकीच्या बाराने एका तरुणाच्या जठरास कायमचे छिद्र पडले. त्यातून डॉ. विल्यम बोमाँट यांनी पचनक्रिया प्रत्यक्ष पाहिली. क्रोधाने जठराच्या कार्यात बिघाड होतो, अशी नोंदही त्यांनी केली. त्यांचा ग्रंथ १८३३ साली प्रसिद्ध झाला. वाढण्यात उणे-अधिक झाले म्हणून पंक्तीत कोपणारा आपल्याच अन्नाचा नाश करतो.

सारांश, पचविणे जिवाच्या हाती नाही. काय, किती आणि कोणत्या मनाने ग्रहण करावे, एवढेच त्याच्या हाती आहे. तेवढे सांभाळावे, आणि घासासरशी परमेश्वराचे स्मरण ठेवावे.