हाड कुणाचं?

सतराव्या शतकात एका रशियन सरदाराच्या डोक्यावर तातार स्वाराच्या तलवारीचा वार बसला आणि कवटीचा एक तुकडाच निघून गेला. शल्यविशारदाने कुत्र्याच्या कवटीतून त्याच मापाचा तुकडा कापला आणि त्या जागी बसवला. जखम भरून आली, सरदार हिंडूफिरू लागला. मग ही गोष्ट चर्चच्या कानावर गेली. डोक्यात कुत्र्याचं हाड वागवणाऱ्या माणसाला ख्रिस्ती म्हणायचं तरी कसं? चर्चने त्याला बहिष्कृत केलं.

ही हकिगत अॅमस्टरडॅमचा शल्यविशारद योब फान मेकरेन याच्या पुस्तकात आहे. पुस्तक छापून आलं १६६८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्याने हे काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मॉस्कोहून आलेल्या पत्रातली बातमी एका धर्मोपदेशकाकडून त्याच्यापर्यंत पोहोचली, म्हणजे गोष्ट ऐकीवच. तरी हाडाच्या कलमाची पहिली लेखी नोंद म्हणून आजही तिचाच दाखला दिला जातो. गंमत अशी, की तिला दोन शेवट आहेत. मूळ हकिगतीत सरदार तो तुकडा काढून घेतो आणि चर्चमध्ये परत जातो. पुढच्या काळातल्या अनेक वैद्यकीय लेखांत मात्र तो काढून घ्यायला जातो खरा, पण हाड इतकं एकजीव झालेलं असतं की निघतच नाही. शल्यविशारदांना हा दुसरा शेवट जास्त आवडला असेल, तर त्यात नवल नाही.

चर्चच्या त्या निर्णयावर आज हसणं सोपं आहे. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि तो एकट्या मॉस्कोला पडलेला नव्हता. दमास्कसचे शाफिई पंथाचे विद्वान इमाम नववी १२७७ मध्ये वारले, म्हणजे या सरदाराच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी. त्यांच्या ‘मिन्हाज अल-तालिबीन’ या ग्रंथात नमाजाच्या अटींची चर्चा चालू असताना मध्येच मोडलेल्या हाडाचा विषय येतो. नमाज पढणाऱ्याचं शरीर शुद्ध हवं. मग ज्याचं हाड अशुद्ध वस्तूने सांधलंय, त्याचं काय? शुद्ध वस्तू मिळालीच नसेल, तर त्या माणसाला माफी आहे. शुद्ध मिळत असूनही अशुद्ध वापरली असेल, तर ती काढायला हवी. मात्र काढण्याने उघड अपाय होणार असेल, तर काढू नये. अपाय झाला तरी काढावीच, असंही एक मत ते नोंदवतात, पण दुय्यम म्हणून. आणि तो माणूस तसाच वारला तर? मग प्रेताची चिरफाड करू नये.

किती व्यवहारी कायदा आहे हा! पर्याय होता का, काढल्याने इजा होईल का, माणूस जिवंत आहे का, एवढेच प्रश्न. परकं हाड माणसाचं होऊन जातं की परकंच राहतं, या गहन भानगडीत तो शिरतच नाही.

त्या भानगडीत शिरलं ते एकोणिसाव्या शतकातलं वैद्यक. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकइवन यांच्याकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गाने दंडाचं हाड सडलं, काढून टाकावं लागलं आणि हात आधाराविना लोंबू लागला. त्याच सुमारास मॅकइवन मुडदूस झालेल्या मुलांच्या वाकड्या नडग्या सरळ करत होते. धुराने काळवंडलेल्या त्या शहरात असल्या पोरांना तोटा नव्हता. नडगी सरळ करायची तर हाडातून पाचरीसारखा तुकडा कापून काढावा लागतो, आणि ती पाचर कचऱ्यात जाते. मॅकइवन यांनी या पाचरी घेतल्या, त्यांचे बारीक तुकडे केले आणि टप्प्याटप्प्याने त्या मुलाच्या दंडात, दोन टोकांच्या मधल्या पोकळीत रचले. तुकडे एकमेकांना धरत गेले, वरखालच्या हाडाला जुळले आणि मुलगा हात वापरू लागला. १८८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात ही केस छापून आली. माणसाचं हाड दुसऱ्या माणसात यशस्वीपणे रुजवल्याची ही पहिली नोंद मानतात. दुसऱ्यांच्या पायांतून निघालेल्या हाडांवर एका पोराचा दंड उभा राहिला होता.

तो दंड कुणाचा, हे ग्लासगोत कुणी विचारल्याचं दिसत नाही. विचारलं असतं, तर शरीरशास्त्राचं उत्तर पुढच्या काही दशकांत तयार होतंच. बाहेरून बसवलेलं हाड तसंच्या तसं जगत नाही. त्यातल्या बहुतेक पेशी मरतात आणि उरतो तो क्षारांचा नि तंतूंचा सांगाडा. रोग्याच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात. त्यांच्यामागून हाड पोखरणाऱ्या पेशी येतात, जुनं हाड विरघळवत पुढे सरकतात, आणि पाठोपाठ हाड घडवणाऱ्या पेशी त्या पोकळीत नवं हाड रचतात. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. क्षार काढून टाकलेलं, पूर्ण मेलेलं हाड स्नायूत नेऊन ठेवलं, तरी आसपासच्या पेशींना ते हाड घडवायला लावतं. मेलेल्या हाडात जणू निरोप शिल्लक असतो.

म्हणजे सरदाराच्या गोष्टीचा दुसरा शेवट खरा धरायचा का? कलम केलेलं हाड शेवटी रोग्याचंच होऊन जातं, मग वाद उरतोच कुठे? अनेक डॉक्टर असंच समजावतात आणि लहान तुकड्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण फ्लोरिडाचे अस्थिशल्यविशारद विल्यम एनेकिंग यांनी या उत्तराला खीळ घातली. हाडाच्या कर्करोगात मांडीचं किंवा नडगीचं लांबच्या लांब हाड काढून तिथे मृत दात्याचं हाड बसवतात. त्यांतली काही हाडं पुढे या ना त्या कारणाने बाहेर काढावी लागली, तेव्हा एनेकिंग आणि सहकाऱ्यांनी ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं: टोकं जुळलेली, पृष्ठभागावर नवं हाड, पण पाच वर्षं उलटली तरी रोग्याच्या शरीराने आपलंसं केलेला भाग सुमारे वीस टक्केच. आतलं उरलेलं हाड दात्याचं, निर्जीव, तसंच्या तसं. माणूस त्याच पायावर उभा राहतो, बाजारहाट करतो, आणि त्याच्या मांडीच्या गाभ्यात एका अनोळखी मृताचं हाड भार पेलत असतं.

शरीर स्वतःच हा प्रश्न पुरता सोडवत नाही. म्हणून तत्त्वज्ञानाकडे वळावंच लागतं, आणि तिथे एक भारतीय परंपरेतली कथा फारच आधी पोहोचलेली दिसते. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भाषेत नेलेल्या, प्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथावरील भाष्यात ती येते. एक वाटसरू रात्री ओसाड घरात थांबतो. एक राक्षस खांद्यावर प्रेत घेऊन येतो, मागून दुसरा येतो आणि प्रेत माझं म्हणून भांडू लागतो. दोघं वाटसरूला साक्षीला धरतात. खरं बोललं तरी मरण, खोटं बोललं तरी मरण, हे ओळखून तो खरं सांगतो: प्रेत पहिल्याने आणलं. दुसरा चिडतो आणि त्याचा हात उपटतो. पहिला लगेच प्रेताचा हात तोडून तिथे चिकटवतो. मग दुसरा हात, पाय, धड, डोकं; एक उपटतो, दुसरा प्रेतातून जोडतो. शेवटी दोघं मिळून वाटसरूचं मूळ शरीर खातात, तोंडं पुसतात आणि चालते होतात. सकाळी तो माणूस भेटेल त्याला विचारत सुटतो, की मला शरीर आहे की नाही? भिक्षू त्याला सांगतात, तुझं म्हणून जे शरीर होतं, तेही कधी तुझं नव्हतं.

अस्थिशास्त्र या भिक्षूंच्या बाजूने साक्ष देईल. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. दहा वर्षांपूर्वीची मांडी आज मोठ्या प्रमाणात दुसरीच असते, नाव तेवढं तेच. तरीही या उत्तराने समाधान होत नाही, कारण प्रश्न एकट्या घेणाऱ्याचा नाही. ज्याच्या प्रेतातून हाड आलं त्याचा आणि त्याच्या घरच्यांचाही आहे. कथेतल्या प्रेताला कुणी विचारलं होतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न सावडण्याच्या दिवशी उभा राहतो. राख सावडायची, अस्थी कलशात भरायच्या, नाशिकच्या रामकुंडात किंवा जवळच्या नदीत सोडायच्या. हाडंच दान केली तर सावडायचं काय? ऊतिदानाची विनंती करणाऱ्यांना असल्या शंका ऐकाव्या लागतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून काम करते आहे. तिथली हाडं स्वच्छ करून, गोठवून सुकवून, बंद पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. पाकिटातले हाडाचे बारीक तुकडे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दिसतात. ही बँक नावारूपाला आणणाऱ्या डॉ. अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत आणि कॅथलिक धर्मचिंतकही. दोन्ही कामं एकाच व्यक्तीने करावीत, हे या विषयाला शोभूनच दिसतं.

दात्यांना पटवताना आपल्याकडे दधीचींचा दाखला हमखास निघतो. वृत्रासुराला मारायला वज्र हवं आणि वज्राला ऋषींच्या अस्थी हव्यात. या कथेत त्यागाचं कौतुक सगळे करतात; त्याआधीची पायरी मात्र सहसा सुटते. देव दधीचींकडे जाऊन मागतात. इंद्रालाही मागावं लागलं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात सर्वांत आधी लागू झाला, २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या, आणि त्याचा कणा हाच आहे: संमती.

न विचारता घेतलं की काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. बीबीसीवरून अमेरिकेची बातमीपत्रं वाचणारे अॅलिस्टर कुक मार्च २००४ मध्ये, ९५ व्या वर्षी वारले. कर्करोग हाडांपर्यंत गेला होता. दहन झालं आणि घरच्यांनी रक्षा सेंट्रल पार्कमध्ये विखुरली. पुढच्या वर्षाच्या शेवटी उघड झालं, की दहनाआधीच त्यांची हाडं कापून विकली होती. कागदोपत्री वय ८५ आणि मृत्यूचं कारण हृदयविकार दाखवलं होतं. ही हाडं विकणाऱ्या, न्यू जर्सीच्या बायोमेडिकल टिश्यू सर्व्हिसेसचा मालक मायकेल मास्ट्रोमारिनो याने २००८ मध्ये गुन्हा कबूल केला. चौकशीसाठी उकरलेल्या काही प्रेतांच्या पायांत हाडांच्या जागी नळकामाचे पीव्हीसी पाइप निघाले.

रीतसर दानातही हाड काढल्यावर पायाचा आकार राहावा म्हणून लाकडाची किंवा प्लास्टिकची दांडी घालून नीट शिवतात. तिथे तो मृताचा मान असतो, इथे तो चोरीवरचा पडदा होता. पाइपाकडे बघून यातला फरक कळणार नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हाडाकडे बघूनही नाही. दान केलेलं आणि चोरलेलं हाड रोग्याच्या शरीरात सारखंच रुजतं. हाड कुणाचं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर ते कसं आलं यात आहे, आणि ते पेशींना ठाऊक नसतं.

हा प्रश्न आता दाताच्या दवाखान्यापर्यंत आला आहे. इम्प्लांट बसवण्याआधी जबड्याचं हाड कमी पडलं, तर तिथे दाणेदार भर घालतात. जगभर वापरली जाणारी अशी एक भर गुरांच्या हाडांपासून बनते. त्यातलं सगळं सेंद्रिय काढून टाकलेलं असतं, उरतो तो निव्वळ क्षार. त्याला गाईचं हाड म्हणायचं का? रसायनशास्त्र नाही म्हणेल. कट्टर शाकाहारी जैन आजोबा किंवा वारकरी आजी कदाचित हो म्हणतील, आणि तो निर्णय त्यांचाच आहे. त्या भरीवर अंथरल्या जाणाऱ्या डुकराच्या कोलॅजेनच्या पडद्याबाबत मुसलमान रोग्याचंही तेच. नववींच्या काळी ‘दुसरं काही मिळालंच नाही’ ही सबब खरी असायची. आज कृत्रिम हायड्रॉक्सिअॅपेटाइट आहे, मृत दात्याचं हाड आहे, रोग्याच्याच हनुवटीतून काढता येणारं हाड आहे. प्रत्येकाचे फायदे-तोटे वेगळे असले, तरी सबब बरीच लंगडी झाली आहे. जबाबदारी म्हणूनच डॉक्टरकडे सरकते: दाणे कशाचे आहेत हे त्याने आधीच सांगायला हवं. नुसत्या वेष्टनावर छापून भागत नाही, कारण भूल दिलेल्या तोंडाने आडवा पडलेला माणूस ते वाचू शकत नाही.