तीर्थ कोणी जपावे?



पौष वद्य एकादशीच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. कुशावर्तात स्नान केले, निवृत्तिनाथांच्या समाधीवर माथा ठेवला, आणि घरून नेलेले निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गावाबाहेर गोदेच्या पात्रात सोडले. शेजारी उभा असलेला एक म्हातारा वारकरी म्हणाला, "बुवा, हे आता कुठं जाणार?" मी म्हटले, "गंगामाई सगळं पोटात घेते." तो हसला, "तेच तर!" म्हणाला आणि चालू लागला. ते दोन शब्द मला आजवर स्वस्थ बसू देत नाहीत.

जी आपली पापे धुते, तिला आपण काय जपावे? प्रश्न बरोबर वाटतो. पण ती येते कोठून नि जाते कोठे, हे आधी पाहू.

ब्रह्मगिरी म्हणजे काळ्या पाषाणाचे थरावर थर. पावसाळ्यात तेथे मुसळधार कोसळते. झाडी असली तर पाणी पाचोळ्यात मुरते, खडकाच्या भेगांतून उतरते आणि झऱ्यांनी बाहेर येते. अंग उघडे पडले तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. भोवतीचे डोंगर ही जणू परातीची कड, आणि नाशिकच्या वरचे गंगापूर धरण हा तिचा तळ. १९६५ साली पुऱ्या झालेल्या या धरणात आरंभी सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट पाणी मावे. गाळ साचून आता ५६३० च्या आसपास मावते. नाशिक शहर हेच पाणी पिते. पुढे गोदा नांदूरमध्यमेश्वरी जाते. तेथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. मग पैठणचा नाथसागर. म्हणजे निवृत्तिनाथांच्या पायाशी आपण जे टाकतो, ते एकनाथांच्या दाराकडे निघते!

आता नाथांचीच गोष्ट आठवा. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. गंगेचा मान त्याने उणावला काय? उलट तहानलेल्याच्या घशात पोचली तेव्हाच ती गंगा झाली. आणि आपण? पुढच्या गावाच्या हाती गढूळ कावड देतो, वर पुण्य मोजतो!

अहो, पाप आणि घाण या दोन वेगळ्या वस्तू. पाप माझे, ते पश्चात्तापाने जाते. घाण जात नाही, नुसती दुसऱ्याच्या घागरीत जाते. गंगामाई पोटात घेते हे खरेच, पण शेवटी ते तिच्या लेकरांच्या पोटात उतरते. म्हातारा हेच म्हणत होता.

कोणी म्हणेल, शहराच्या गटारांपुढे एका पिशवीचे काय? गटारांचा बंदोबस्त सरकारकडे आणि नगरपालिकेकडे मागावाच, अगदी आग्रहाने. तथापि दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून आपला दोष धुतला जात नाही.

आणखी एक. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने वाट चुकली, तेव्हा निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, असे आपण कीर्तनात ऐकतो. आपली परंपरा त्या रानात उगवली. श्रावणातल्या फेरीला जाताना त्या रानाची फांदी मोडू नये. एखादे रोप लावलेच, तर गावकऱ्यांच्या मदतीने दोन उन्हाळे जगवावे. दारच्या तुळशीला आपण पाणी घालतोच की!

मी तर नेम केला आहे : पुढल्या पौषात पिशवी रिकामी करून परत घरी आणीन, आणि निर्माल्य परसातल्या झाडाच्या बुंध्याशी घालीन.

रामकृष्णहरि.