जात्यंध आणि हस्ती

चार माणसे एकाच विषयावर चार मते देऊ लागली की, ‘आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसे झाले’ असे लोक म्हणतात. प्रत्येकाचे थोडेथोडे खरे, सर्वांचे एकत्र केले की सत्य पूर्ण होते, असा त्याचा अर्थ बहुधा केला जातो. हा अर्थ सोयीचा आहे. परंतु दृष्टांताचा नव्हे.

कथा फार प्राचीन. बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथात श्रावस्तीचा राजा जन्मांधांना हत्ती दाखवितो व त्यांची हातघाई पाहून रंजन पावतो. संस्कृतात हाच ‘अंधगजन्याय’ झाला. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणांतील दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले, त्यांत हा हस्तीचा दृष्टांत आहे.

तेथे ‘जात्यंध’ हे पद आहे, ते लक्षात घ्यावे. पुढे दृष्टी गेलेल्यास पूर्वी पाहिलेला हत्ती आठवेल. जात्यंधास आठवावयाचेच काही नाही. जीवाची अविद्याही अशीच अनादि आहे. पाय चाचपणारा हत्तीस खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. आता खांबास सूप बांधले म्हणून हत्ती उभा राहील काय? हातास लागले ते खोटे नव्हते; परंतु ‘हत्ती एवढाच’ हा निश्चय अन्यथाज्ञान होय. एखाद्या देवतेच्या ठायी थोडे सामर्थ्य पाहून तिलाच परमेश्वर मानणाऱ्याचे असेच होते. संपूर्ण हत्ती डोळसासच दिसतो, आणि अवयवांची बेरीज करून कोणी डोळस होत नाही. म्हणून परमेश्वराचे ज्ञान परमेश्वरानेच द्यावे लागते.

इतके कळले की श्रोता नकळत स्वतःस डोळसाच्या जागी बसवितो, आणि घात होतो तो येथेच. सूत्रे मुखोद्गत असणे म्हणजे डोळसाचे बोलणे कानी पडलेले असणे. तेवढ्याने डोळे उघडत नाहीत. मग तो भिक्षु असो वा वासनिक. मात्र ज्याने ते बोलणे खरे मानले, तो आपल्या हातातील खांबास हत्ती म्हणण्याचे थांबवितो आणि डोळसाच्या मागे चालू लागतो. त्याचे आंधळेपण अद्याप तसेच असते. पण ते आता त्यास ठाऊक झालेले असते, आणि शेजारी सूप चाचपीत बसलेल्या दुसऱ्या आंधळ्यास हसण्याचे त्यास काही कारण उरत नाही.