रथ, बंडल आणि गिट

अवयवांहून वेगळा अवयवी असतो का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. चाके, आस, जू, दांडी यांपलीकडे ‘रथ’ असे काही सापडत नाही, ते केवळ व्यवहारापुरते नाव आहे, असे ‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला पटवून देतो. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. न्यायसूत्रांतली त्यांची एक युक्ती अगदी घरगुती आहे: एक टोक धरून ओढले की अख्खी वस्तू येते, नुसता अवयवांचा ढीग असता तर हाती तेवढे टोकच आले असते.

हाच वाद संगणकातही दिसतो. मॅकवरचे ॲप्लिकेशन, किंवा कीनोटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतले सादरीकरण, फाइंडरमध्ये एकच आयकॉन म्हणून दिसते. ओढले की सगळे येते; नैयायिक खूश व्हावेत. प्रत्यक्षात ती डिरेक्टरी असते, आत अनेक फाइली आणि पोटडिरेक्टऱ्या. याला बंडल म्हणतात. बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या सबव्हर्जनला आयकॉन दिसत नाही, डिरेक्टरीच दिसते. 2011 मध्ये 1.7 आवृत्ती येईपर्यंत ते प्रत्येक डिरेक्टरीत आपली एक लपलेली डिरेक्टरी ठेवत असे. काही ॲप्लिकेशने मात्र सेव्ह करताना अख्खे बंडल नव्याने लिहून जुन्याच्या जागी ठेवत, आणि त्यात सबव्हर्जनची नोंद पुसली जाई. चूक नेमकी कोणाची, हे सांगणे कठीण. एकाने एक वस्तू बदलली. दुसऱ्याच्या लेखी अशी एक वस्तू नव्हतीच. 1.7 ने सगळ्या नोंदी मुळाशी एकत्र नेल्यावर हा घोळ मिटला, मतभेद नाही: बंडलमधून ॲप्लिकेशनने काढलेली फाइल सबव्हर्जनच्या दृष्टीने अजूनही ‘हरवलेली’च असते.

बदलांच्याच नोंदी ठेवणारे दुसरे साधन, गिट, नागसेनाच्याही एक पाऊल पुढे आहे. त्याच्या ‘ब्लॉब’मध्ये फक्त मजकूर असतो, फाइलचे नावसुद्धा बाहेर, ‘ट्री’मध्ये. ब्लॉबची ओळख मजकुरावरूनच काढलेली, एसएचए-1 पद्धतीत 40 अंकाक्षरांची. रिकाम्या डिरेक्टरीची तर नोंदच होत नाही. ती टिकवायची तर आत एखादी नाममात्र फाइल ठेवावी लागते; अवयव नाहीत, तर रथही नाही.

बायनरी फाइलपाशी मात्र हेच गिट अवयव पाहायचे थांबते. सुरुवातीच्या 8000 बाइटांत शून्य बाइट सापडला की, वेगळी सूचना नसेल तर, फाइल बायनरी ठरते, आणि फरक विचारला तर ‘वेगळ्या आहेत’ एवढेच उत्तर येते. दोघांनी एकच चित्र बदलले तर ओळीगणिक मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणे, नाही; दोहोंतले एक निवडायचे. अशाच फाइलींसाठी सबव्हर्जनमध्ये आधी कुलूप घेऊन मग फाइल बदलण्याची सोय आहे. वर्डची ‘डॉक्स’ फाइल तर मुळात झिप, म्हणजे आत पुन्हा फाइलीच. अवयव आहेत, पण गिटला दिसत नाहीत. मजकूर काढून देणारा प्रोग्राम जोडून दिला तर फरक वाचता येतो. मर्ज मात्र अखंड फाइलीचेच राहते, आणि दोघांपैकी एकाला आपले बदल पुन्हा हाताने करावे लागतात.